धुतलेला सदरा

एकेचाळीस वर्षांनी फाईल उघडली.
मयत राजमल्लू येमूल, वय एकतीस, साचेवाला.
चौकीच्या जिन्यावरून पाय घसरून.
अकस्मात मृत्यू, क्रमांक सतरा.

त्या जिन्याला पायऱ्या तीन.
साखर पेठेतून शाळेला जाताना
मी रोज मोजायची.

आजच्या हजार विड्या बुडवून आलेय.
दंडाधिकारी बाई माझ्याहून लहान,
यादी वाचतात: हवालदार मयत, डॉक्टर मयत,
दुसरा हवालदार पुण्याला लेकाकडे,
सगळं विसरलाय म्हणे,
‘आठवत नाही’ एवढं मात्र न चुकता सांगतो.

‘तुमच्याकडे काही पुरावा?’

मी पिशवीतून सदरा काढते.
दुसऱ्या दिवशी त्यांनीच दिलेला, घडी घालून.
बाई उलटापालटा करतात.
‘हा तर स्वच्छ आहे.’

हो ना.
रात्रपाळी सुटताना
मिलच्या दारातून उचललं होतं नायनांना.
खिशाच्या शिवणीत कापसाचं तूस असायचंच त्यांच्या,
अम्मा घासून घासून दमायची,
टाचणीनं कोरायची,
तरी निघायचं नाही.
बघा आता शिवण उसवून.
एक तंतू सापडतो का.

इतकं कुणी धुतलं, बाई?
कुठल्या नळावर? किती वेळ?
आणि एवढं काय होतं त्यावर?

अम्मानं मरेपर्यंत तो पाण्यात घातला नाही.

पंखा कुरकुरतो.
टंकलेखकाची बोटं थांबलीत.
मान वर न करता विचारतो,
‘धुतला’, धु पहिलाच ना?