हेलकावा

स्क्रीनवर सदाशिव पेठ उभी राहिली,
शटरवरचा गंज, वायरींचा गुंता,
गॅलरीत वाळणाऱ्या टॉवेलाची दशीसुद्धा.
फक्त चालणं जमेना.
कुणीतरी कॅमेरा ट्रेमध्ये ठेवून
लग्नातल्या सरबतासारखा फिरवतंय, असं वाटायचं.

तांबोळी म्हणाला, डोक्याचा हेलकावा वाढव.
वाढवला. मळमळायला लागलं.
कमी केला. परत सरबत.

मग छातीला मोबाईल बांधून
लकडी पुलावरून निघालो, पेरूगेटापर्यंत.
घरी येऊन पाहिलं तर सगळी फिल्म जमिनीची:
उचकटलेला पेव्हर ब्लॉक, चेंबरचं झाकण,
स्कूटरचा स्टँड, कुणाची तरी चप्पल, शेण.
एकवीस मिनिटांत आभाळ एकदाच,
तेही वरून पाणी पडलं म्हणून.
(कुंडीचं होतं.)

खाली गेटवर ढमढेरे असतात.
बत्तीस वर्षं याच पेठेत टपाल वाटलं त्यांनी.
त्यांना वर बोलावलं,
कंट्रोलर हातात दिला.
रजिस्टर पार्सल धरावं तसा धरला दोन्ही हातांनी.

चार पावलं चालले, मान खाली घातली.
"माझे पाय कुठायत?"
म्हटलं, काका, पाय काढलेच नाहीत.
खेळणारा खाली बघत नाही.
"मग ठेच?"
ठेच नाही.
"आणि हा बोळ सपाट केलाय तुम्ही.
उतार आहे इथे. डोळ्याला नाही दिसत,
नडगीला कळतो."

तांबोळीने लिहून घेतलं: नडगी.

ते पुढे गेले, एका दारापाशी थांबले.
ते दार म्हणजे नुसतं चित्र, भिंतीवर चिकटवलेलं,
मागे जिना नाही, माणूस नाही, काहीच नाही.
सांगणार होतो. पण ते उभेच.
बटणाला हात नाही, मान किंचित वर.
एकोणचाळीस सेकंद.
आमच्या गेममध्ये इतका वेळ
मेल्याशिवाय कुणी थांबलेलं नाही.
मग आपणच वळले,
"नसतील घरी" म्हणाले, आणि ड्यूटीवर गेले.

रात्री हेलकाव्याला हात लावला नाही.
उभं राहणं लिहीत बसलो:
दर सहा-सात सेकंदांनी
अंगाचा भार या पायावरून त्या पायावर,
पाय नसले तरी.

तांबोळी म्हणाला, कुणाच्या लक्षात येणारे हे?
आणि थांबायचं कशासाठी?

म्हटलं, वरून कुणीतरी
सही करायला उतरतंय.