वार

पहाटे तीन वाजून सहा मिनिटांनी पोरगी झाली,
त्यानंतर अकरा मिनिटांनी वार पडली.
मी ती ट्रेमध्ये उताणी-पालथी करून पाहिली,
कडा जुळवल्या, तुकडा आत राहिला नाही ना,
आणि सवयीनं पाय पिवळ्या पिशवीकडे वळले.

"ती आमची," हिनेवाई म्हणाली.
घामानं निथळलेली, टाके अजून बाकी,
पण आवाज असा, की बांधावर उभी राहून
कुणाला तरी हटकते आहे.

कार्लाईलमधली जूनची रात्र रात्र म्हणण्याजोगी नसते.
खिडकीत राखाडी उजेड, पार्किंगमध्ये सीगल.
पारातेनेच्या अंगाला लोकरीच्या तेलाचा वास.
दिवसभरात दोनशे सत्तर मेंढ्या भादरून
तो तसाच गाडी हाकत आला होता,
हातात आइस्क्रीमचा रिकामा डबा.
रास्पबेरी रिपल, दोन लिटर. स्वच्छ धुतलेला.
घरी मातीचं भांडं असतं, तो ओशाळून म्हणाला,
मावशी घडवते.

मी फॉर्म आणला.
त्यावर तीनच चौकोन: तपासणी, संशोधन, विल्हेवाट.
चौथा मी पेनानं काढला.

मावशी फोनवर होती. पिरिहिरा.
तिथं दुपार, तिथं हिवाळा,
हनुवटीवर गोंदण, ओठांपर्यंत चढलेलं.
माझ्या आत्याच्या कपाळावरचं हिरवं होतं.
आत्या म्हणायची, सोनं इथंच काढून घेतात,
गोंदण तेवढं वर येतं.

मावशी डब्याकडे बघत लांबलचक काही म्हणत राहिली,
मध्ये श्वास न घेता.
मला एकच शब्द पकडता आला,
तो सारखा परतून येत होता: फेनुआ.
फेनुआ म्हणजे जमीन, हिनेवाईनं सांगितलं.
आणि फेनुआ म्हणजे ही, डब्यातली.
दोन अर्थ? मी विचारलं.
छे, एकच.

मी म्हटलं, आमच्यात हिला वार म्हणतात.
वार म्हणजे घावही,
वार म्हणजे सोमवार, मंगळवार,
साडीचं कापडसुद्धा आम्ही वारावर मोजायचो.
जमीन तेवढी त्यात नाही.
ती हसली, मग टाक्यांच्या जागेनं तिला थांबवलं.

मावशीनं मला नाव विचारलंच नाही.
डोंगर विचारला. नदी विचारली.
तिचा फाकापुनाके, तिची वायरोआ,
आत्ता जन्मलेल्या पोरीचेही तेच,
तिनं अजून पाहिले नसले तरी.
सामानगड, मी म्हणाले. हिरण्यकेशी.
कितीतरी वर्षांनी तोंडातून निघाली ती नावं,
जरा घासतच निघाली.
"आणि तुझ्या लेकीची?"

शाल्मली इथलीच. याच मजल्यावर, खोली चार.
तिची वार कुठं गेली ते मी कधी विचारलं नाही,
मी, जिला ते पाठ आहे:
पिशवी, मंगळवारची गाडी, भट्टी.
धूर ईडन नदीवरून गेला असेल,
वारा पश्चिमेचा असेल तर.

"ईडन," मी म्हणाले. "डोंगर अजून ठरला नाही."
मावशीनं मान हलवली,
जणू असंही उत्तर असतं.

सकाळी डबा डोरीन टिनिसवुडच्या फ्रीझरमध्ये गेला,
कोकराच्या मांडीशेजारी, वाटाण्यांच्या पिशवीखाली.
झाकणावर डोरीननं मार्करनं लिहिलं: खायचा नाही.
कातरणीचा हंगाम संपेपर्यंत राहील तिथं.
मग कागद, शिक्के, दोन विमानं,
मावशीच्या अंगणात खड्डा,
वर कसलंसं रोप, नाव मी विसरले.

घरी आले तेव्हा शाल्मली मोजे शोधत होती.
काय झालं, मुलगा की मुलगी?
मुलगी, म्हटलं,
आणि हात वर करून कपाट चाचपणाऱ्या तिची
बेंबी दिसली तिकडे बघत राहिले.
"काय बघतेस?"
शर्ट आखूड झालाय तुला.
शनिवारी नवा आणू.
जाताना नदीवरून जाऊ.