ना हरकत

पुसेगावच्या जत्रेला अजून दोन दिवस.
येरळेकाठी आकाशपाळणा उभा राहिलाय,
चौदा पाळणे, त्यातले पाच ताज्या रंगाचे.
रंगाखाली काय आहे ते बघायला
मला साताऱ्याहून पाठवलंय,
सरकारी जीप, एक रजिस्टर
आणि पाव किलोची हातोडी.

दस्तगीर मुजावर चहा पुढे करतो.
"मॅडम, वीस वर्षं फिरवतोय. कुणाला खरचटलं न्हाई."
मी चहा घेते.
खरचटलं नाही हा पुरावा नसतो,
ती फक्त आजवरची हकिकत असते.

मग एकेका बोल्टवर हातोडी.
घट्ट असेल तो टणकन बोलतो,
सैल झालेला भद्द,
सर्दी झालेला माणूस फोनवर नाव सांगतो तसा.

हे ऐकणं कॉलेजात शिकवलं नाही.
वडील मिरजेला, मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर.
मायदेशी परतणारी एक डॉक्टरीणबाई
सत्तावीस रेकॉर्डी आणि एक प्लेअर आमच्याकडे ठेवून गेली.
बाहेर गल्लीत भोपळे वाळत पडलेले,
कुणीतरी सतारीच्या तारा पिळतोय,
आणि आमच्या दीड खोलीत
ऐंशी माणसं एकदम श्वास घ्यायची.
आधी एक ओबो सूर धरायचा, एकटाच.
मग बाकीचे त्याला शोधत यायचे, कुणी वरून, कुणी खालून.
शेजारच्या काकी विचारायच्या,
"काय गं, भांडण कसलं चाललंय?"

आपल्याकडे गवई हरकत घेतो, लोक मान हलवतात.
तिथं ऐंशीत एकालाही हरकतीची मुभा नाही.
मला ते फार कोरडं वाटे,
मागच्या रांगेतला नगारेवाला सापडेपर्यंत.
एकशे बारा आवर्तनं तो नुसता उभा असतो.
रेकॉर्डवर दिसत नाही,
पण त्याचं गप्प राहणं ऐकू येतं,
ओळीवर बोट ठेवून वाचणाऱ्या पोरासारखं.
मग तीन ठोके.
पुन्हा मोजणी.

नववा पाळणा.
खिळीवर हातोडी पडते
आणि टण नाही, भद्द नाही,
मधलंच काहीतरी, अर्ध्या सुरानं उतरलेलं.
पुन्हा मारते.
मागे दस्तगीरचा कप बशीवर टेकता टेकता राहतो.
त्यालाही आलंय ऐकू.
"म्हसवडच्या जत्रेपास्नं तसंच बोलतंय ते,"
तो पाळण्याला सांगितल्यासारखं म्हणतो.

पोलिश पेपरनं घासलं. केसाएवढी रेघ.
मी लाल पेनानं लिहिलं. पाळणा बंद.
ट्रस्टच्या कुणाचातरी फोन आला,
"देवाचं काम आहे, जरा सांभाळून घ्या."
सांभाळतेच आहे, म्हटलं.
जागेचं भाडं भरलेलं, डिझेल उधारीचं,
दस्तगीर काही बोलला नाही.
थोरल्याला मोटारसायकलवरून सातारच्या लेथवाल्याकडे पिटाळलं,
जुनी खिळ नमुन्याला फडक्यात गुंडाळून.
बाकीच्या तेराही खिळी रात्रीत काढा, मी म्हणाले.
तेव्हा मात्र तो बोलला. ते इथं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी चौदा नव्या खिळी.
पाळण्यांत वाळूची पोती बसवली,
शेजारी शेजारी, नवराबायकोसारखी.
वर्धनगडाकडून गार वारा.
जनरेटर धापा टाकत लागला
आणि पोती आभाळात गेली,
उतरली, परत गेली.
तासभर मी खाली उभी.
सगळे टण.

सही केली. हरकत नाही.
मग कानाला यंत्र लावून बसले जीपच्या टपाजवळ.
"काय ऐकताय?"
एक बोंडूक त्याच्या कानात दिलं.
तो ऐकत राहिला, डोळे पाळण्यावर,
बराच वेळ, कपाळाला आठी.
"मॅडम, ह्यातला एकजण कवाचा गप हाय.
बंद पडलाय काय?"

नाही, म्हटलं.
मोजतोय.