तासिकेबाहेर

रात्रीचे अकरा. वारज्याची खोली, कुकर भिजत घातलेला.
मी भूशास्त्राचं पान आवरायला घेते.
आधीच्या घारपुरे मॅडमनी चौदा वर्षं
हाताला लागेल ते इथे टाकलं होतं:
नोट्स, नोट्स नवीन, नोट्स नवीन अंतिम,
आणि सगळ्यात वर, अजूनही,
"उद्या तास होणार नाही."
कुठला उद्या, कोण जाणे.

मी आठवडे पाडते. एकाखाली एक.
पोरं म्हणतात, ताजं ते वर ठेवा, खाली कोण जातंय.
बरोबरच आहे. जमीनही तेच करते,
शेवटचा लाव्हा वर, पहिला कुठेतरी पायाखाली.
परीक्षेला मात्र पहिलाच विचारतात.

डोळ्याचं एक चिन्ह असतं. दाबलं की मिटतं.
मिटलेला धडा मला दिसतो, त्यांना नाही.
सहावा आठवडा मिटूनच ठेवलाय,
माझाच अजून वाचून व्हायचाय.

माथ्यावर वेताळ टेकडीच्या खाणीचा फोटो लावला होता,
साठलेलं पाणी, कातळ, कडेला माझी सावली.
हौस!
मग नोंदी चाळल्या. ढेबे निकिता, वेल्ह्याकडची,
रोज रात्री एक चाळीसला येते,
दोन मिनिटं थांबते, जाते.
विचारलं तर म्हणाली,
"मेसमधून सुटल्यावर बघते, मॅडम.
तो फोटो उतरेपर्यंत डेटा संपतो."

फोटो काढला.
सतरा फायलींच्या तीन केल्या.
"युनिट दोन, भाग ब" होतं, तिथे लिहिलं
"दगड ओळखायचा कसा".
आणि वर एक ओळ: इथून सुरू कर.
आधी "करा" लिहिलं होतं, खोडलं.

हे काम कुठल्याच तासिकेत बसत नाही.
रजिस्टरात तास असतात, सही असते,
मार्चनंतर मी आहे की नाही, तेवढं नसतं.

सकाळी निकिता जिन्यात भेटली.
"पटकन उघडलं पान. पण मॅडम,
शिक्षकाच्या नावापुढे अजून घारपुरेच."
ती चौकट ऑफिसची आहे गं,
मला तिथे लिहिता येत नाही.

आज ती जुनी सूचना पुसायला गेले,
बोट तसंच राहिलं.
मग ओढत ओढत तळाशी नेली, पार पहिल्या थराखाली,
आणि तिचा डोळा मिटला.
दीड वाजलाय.
अजून दहा मिनिटं जागते.