अर्थ लागला का?

छत्तीस वर्षं मी ऐरोलीच्या शाळेत
पोरांना संदर्भासह अर्थ स्पष्ट करायला लावला.
आता सिडकोच्या बैठ्या घरात
स्टुलावर उभा आहे, खिशात टेस्टर,
आणि खालून सुगंधा मढवी विचारते,
"सर, अर्थ लागला का?"

हिरवी तार चिमटीत आहे.
सोलताना तांब्याचे तीन केस तुटले.
"नाही," म्हणतो, "अजून लागत नाही."

सुगंधा दिवा गावची.
"गावाचं नावच दिवा, मंग मी काय शिवनकाम शिकनार?"
बापाची खाचरं सिडकोत गेली,
प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यावर हिनं आयटीआय केलं.
फी घेत नाही.
साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचे तिचे अर्ज मी लिहितो,
'महोदय'पासून 'आपली विश्वासू'पर्यंत,
ती मला वायरिंग शिकवते.
दोघांचंही काम अजून मंजूर व्हायचंय.

वहीत उतरवून घेतो:
दिव्याला दीडची तार, सॉकेटला अडीचची, गिझरला चारची.
सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं की
उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल,
वरचं मोठं भोक अर्थचं.
प्लगची तेवढीच पिन लांब,
आधी आत शिरते, शेवटी बाहेर येते,
लग्नातल्या आचाऱ्यासारखी.
"लिवता काय सर? परीक्षा हाय?"

पहिल्या जोडावर मी काळी पट्टी गुंडाळली, सुबक.
तिनं ती उलगडली.
"जखम हाय का ही? आधी पीळ द्या, मंग पट्टी."
दुसऱ्या दिवशी खट्.
मिक्सरमध्ये वाटण अर्धं राहिलं
आणि आतून शैलजा फक्त "अहो" म्हणाली.

मोरीचा दिवा चौथ्या दिवशी.
स्विच बंद केला, बल्ब काढला,
सवयीनं हात पुढे केला तर
सुगंधानं मनगट धरलं.
"टेस्टर."
होल्डरच्या पिनेला लावला.
टेस्टरच्या पोटात
केशरी दाणा पेटला.

"स्विच न्यूट्रलवर दिलाय. फेज सरल होल्डरात.
बत्ती इझली म्हंजे करंट गेला असं नाय, सर.
कोनी केलं हे?"

ब्याण्णव साली, रविवारी, फुकट,
मेहुण्यानं केलं होतं. अच्युतनं.
जेवायला आम्ही बासुंदी केली होती.

तेव्हापासून दर दिवाळीला
शैलजा याच स्टुलावर चढून
ओल्या फडक्यानं हा होल्डर पुसते.
मी खाली, एका हातानं स्टूल धरून,
दुसऱ्या हातात सहामाहीचे पेपर.
"स्विच बंद आहे ना?" ती विचारायची.
"आहे," मी म्हणायचो, न बघता.

खोटं बोललो नव्हतो.
स्विच बंदच होता.

मेन पाडला. बोर्ड उघडला.
लाल आणि काळी, तीस वर्षं एकमेकींच्या जागी बसलेल्या,
सोडवताना बोटं नीट ऐकत नव्हती.
सुगंधा मध्ये पडली नाही.
एकदाच म्हणाली, "स्क्रू आवला. अजून."

मेन वर केला. दिवा लागला.
स्विच पाडला, बल्ब काढला, पुन्हा टेस्टर.
काही नाही.
एवढं निखळ काही नाही
मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

शैलजा दारात आली, पदराला हात पुसत.
"एवढंच? चार तास?"
अच्युतचं नाव माझ्या ओठांवर आलं
आणि तिथंच राहिलं, पट्टी मारलेलं.

"बल्ब काढलाच आहे तर पुसून घेते," म्हणाली,
आणि ओलं फडकं घेऊन स्टुलावर चढली.
मी पॅसेजमध्ये धावलो,
मेन खाली ओढला.
पंखा थांबला, फ्रिज थांबला,
आणि काळ्या मोरीतून तिचा आवाज आला,
"अहो, आता मला दिसायचं कसं?"