तिथी

फॉर्म भरताना आईने कोट काढला नव्हता.
सेहेचाळीसचा जानेवारी, सलोनिकातली कचेरी,
फुटक्या खिडकीला पुठ्ठा.
नाव : एस्त्रेया. वय : तेवीस.
काम : काजं-बटणं.
नातेवाइकांच्या रकान्याशी कारकुनाचा टाक थांबला :
आई गेल्याची तारीख?
धाकटी बहीण रिकूला, तिची?

ती म्हणाली, गाडीतून उतरलो.
माझ्या बुटात खडा होता.
तो काढायला वाकले.
उभी राहिले तेव्हा दोघी नव्हत्या.

ही तारीख नव्हे, बाई.
माणूस वाईट नव्हता. आपल्या वाटणीची साखर
त्याने तिला कागदात बांधून दिली
आणि रकान्यात एक आडवी रेघ ओढली.

रेघेसाठी दिवा कसा लावणार?
तिथी लागते.
धर्मगुरू म्हणाले, ठाऊक नसेल तर निवड. चालतं.
जणू अस्तराचं कापड निवडायचं होतं.

आजीसाठी तिने अदार महिन्याची अखेर घेतली,
वल्हांडणाआधी संत्र्याच्या सालींचा मुरंबा घालायचा दिवस.
त्या दिवशी आजी कुणालाच
स्वयंपाकघरात येऊ देत नसे.
रिकूलाला स्वतःचा वाढदिवस दिला.
"तिला कायम माझंच हवं असायचं.
माझी रिबीन, माझ्या पावाची कड.
म्हटलं घे, हाही घे."

म्हणून आमच्याकडे दर वर्षी
केकशेजारी एक पेला असे :
पाणी, पाण्यावर तेल, तेलावर तरंगती वात.
मेणबत्त्या फुंकायच्या, हा नाही.
मी एकदा फुंकला.
आई हसली. खूप हसली.
मग किती तरी वेळ तिला काड्याची पेटी सापडेना.

दुकानात मात्र वेगळीच बाई.
शिंपल्याचं बटण जिभेला लावून पारखायची,
गिऱ्हाइकाशी घासाघीस, बाबांना टोमणे,
अकरा मागितली तर बारावं वर.
ऑगस्टच्या उकाड्यातही बाही मनगटाशी बंद.
विद्यापीठाच्या रस्त्याने कधी गेली नाही.
"तिथं खाली माझे आजोबा होते,
आता वर पोरं परीक्षा देतात."

गेली ती बुधवारी,
पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी.
दवाखान्याने कागद दिला, सही, शिक्का, वेळ.
इतकी पक्की तारीख
आमच्या घरात पहिल्यांदाच आली.
बसस्टॉपवर उभी राहून मी ती वाचत राहिले,
दोन बस गेल्या.

कबरीवर खडा ठेवायची आमच्यात रीत.
पायाशी पुष्कळ होते.
वाकायचं म्हणताच
गुडघे आडून बसले.
मग लेकीचं मनगट धरलं,
तिला दुखेल इतकं,
आणि वाकले.