पहिलं पान

तार्तूत दुपारी साडेतीनलाच दिवे लागतात.
केर्टू पानाचा करडा पुन्हा ढवळते —
फुकटची वस्तू म्हणून कळकट दिसायला नको.
कात्रीचं चिन्ह काढलं. कात्री काय, सगळ्यांकडेच असते.

नमुन्याला एखादी फीत हवी होती.
यूलोनं घरचीच पाठवली:
गोठलेली नदी, लाल टोपी, बायको स्केट्सवर.
"हीच लाव. हक्कांची भानगड नाही."

टाइमलाइनवरची रेघ तिनं मधोमध ठेवली, शोभेल अशी.
मध्यरात्री त्याचा मेल, एका ओळीचा:
जरा डावीकडे घे, पुढच्या फ्रेमला ती वळते.

किती डावीकडे, तिनं विचारलं नाही.
बटणाखाली किंमत लिहायची नव्हतीच.
रेघ सरकवत राहिली
लाल टोपी इकडे बघेपर्यंत.